येळवस गुत्त्यात नव्हती

आमच्या घरात इस्तिफ्याची भाषा रोज संध्याकाळी व्हायची. शाळेतून आले, की हे खुंटीला टोपी अडकवायचे आणि म्हणायचे, "उद्या इस्तिफा फेकतो तोंडावर. बास झाली गुलामी." निजामाचं राज्य होतं तेव्हाही हेच आणि ते जाऊन आम्ही मुंबई सरकारात आलो तेव्हाही हेच. आधी उर्दूतून शिकवावं लागतं म्हणून इस्तिफा, मग उर्दूतून शिकवता येत नाही म्हणून इस्तिफा. लग्न झाल्यावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरले होते. पुढं पुढं नुसतं "बरं" म्हणून चहाचं आधण ठेवायला लागले. गरजेल तो पडेल काय!

खरा इस्तिफा दिला तो ज्यानं जन्मात कधी ती भाषा केली नव्हती त्यानं. आमच्या सालगड्यानं, बब्रुवाननं.

सास्तूरच्या वरच्या अंगाला आमचं रान होतं. हे मास्तर, त्यामुळं शेती म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. खाली उभं राहून खरोखर हाकायचा तो बब्रुवान. मी या घरात आले तेव्हाही तोच होता. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. त्याची बायको गजराबाई माझ्या गोठ्यातलं शेण काढायची, अंगण सारवायची. तिच्या कामाचं वेगळं असं काही ठरलेलं नव्हतं. गडी सालानं ठेवला की त्याची बायकोही आलीच, अशी रीत होती, आणि ही रीत कुणी लावली असं मीही कधी विचारलं नाही.

आमच्याकडं साल पाडव्याला ठरतं. गुढी उभारली, की मालक गड्याच्या हातावर पानसुपारी ठेवतो. गड्यानं ती तोंडात टाकली, की पुढच्या पाडव्यापर्यंत तो त्या घरचा झाला. मग त्याची रात्र काय आणि दिवस काय, सगळं मालकाचं. बब्रुवान दर पाडव्याला सुपारी तोंडात टाकायचा आणि चावतच बैलांकडं निघायचा. त्या पाडव्याला मात्र सुपारी त्याच्या तळहातावर तशीच राहिली. त्यानं ती बघितली, आणि हळूच ओट्याच्या कडेला ठेवली.

"मालक, औंदा सालानं न्हाय ऱ्हात."

यांना आधी कळलंच नाही. "म्हणजे? कुठं निघालास? कुणी फितवलं का तुला?"

"कुठं न्हाय जात. काम तुमचंच करतो. पर गुत्त्यानं. नांगरट म्हना, पेरनी म्हना, काढनी म्हना. काम सांगा, करून देतो. नोकरी सोडतो मालक, काम न्हाय सोडत."

रोज संध्याकाळी ज्या वाक्याची तालीम चालायची ते वाक्य दुसऱ्याच कुणीतरी म्हणून टाकलं होतं, आणि तेही आवाज न चढवता.

"दोन डगरींवर हात ठेवतोस व्हय रे? अर्धा गडी कुठं असतो का? असशील तर पुरता अस, नायतर चालता हो!"

बब्रुवान चालता झाला नाही आणि ओट्यावरही बसला नाही. म्हणाला, "गजरीच्या बापाची पट्टी हाय तुमच्या बांधाला लागून. म्हातारा गेला, तवापास्नं पडीक हाय. वाफसा आला की म्या तुमच्या रानात. तुमची पेरनी होस्तवर तिकडली वल उडून जाती. सालाचा गडी हाय, तवर ती पट्टी काय पिकत न्हाय."

एवढं लांब तो एका दमात कधी बोलला नव्हता. यांनी टोपी घातली आणि सुट्टीचा दिवस असूनही शाळेकडं निघून गेले.

मी रागानंच गोठ्यात गेले. खरं सांगायचं तर मला बब्रुवानचा नव्हे, गजराबाईचा राग आला होता. उद्यापासून शेण कोण काढणार, हे मला यांच्या आधी कळलं होतं.

"हे तुझंच डोकं ना गं?" मी म्हटलं.

ती पाटी खाली ठेवून सरळ उभी राहिली. "व्हय वैनी. माझंच."

"काय कमी केलं आम्ही तुला?"

"कमी कशाचं न्हाय. बा मरताना म्हनला, गजरे, माझ्या रानात येक डाव तरी येळवस कर. पडीक रानात कशी करू? उभं पीक असल्याबिगर येळवस व्हती का?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षात ज्वारी कमरेला लागते, तेव्हा आमच्या भागातलं प्रत्येक घर आपापल्या शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, आंबिल, भज्जी, उंडे यांचा निवद दाखवायचा आणि आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन रानाच्या चारी कडेनं ती शिंपीत फिरायचं. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. दिवाळी चुकली तर चालेल, येळवस चुकायची नाही. आणि गजराबाई आजवर आमच्याच येळवशीची भांडी घासत आली होती. बांधापलीकडं तिच्या बापाच्या रानात कुसळं उभी.

पुढचे काही दिवस बैल दावणीलाच होते. शेवटी तात्या आले. तात्या म्हणजे यांचे चुलते, गावातले निम्मे तंटे सोडवणारे आणि उरलेले निम्मे लावून देणारे. त्यांनी दोघांना ओट्यावर समोरासमोर बसवलं.

"शांतलिंगा, दुसरा गडी आनतो मी. पर तुझ्या त्या मारक्या बैलाला बब्रुवानबिगर कोन हात लावतंय, ते आदी सांग."

यांनी गोठ्याकडं बघितलं.

"मग गुत्ता कर. कागद नगं. शब्दानं शब्द ठरवा." आणि तात्या एकेक काम पुकारायला लागले. नांगरट. पाळी. पेरणी. खुरपणी. राखण. काढणी. खळं. एकेका कामाला बब्रुवान मान हलवायचा आणि हे हुंकार द्यायचे. काय द्यायचं तेही तात्यांनीच ठरवलं, आणि ते दोघांनाही जरा जरा बोचलं, म्हणजे बरोबरच असावं. बब्रुवाननं एकच गोष्ट मागून घेतली. आमची पेरणी झाली की बैल आणि तिफण त्याच्या पट्टीला द्यायची.

"आधी माझं रान," हे बोट वर करून म्हणाले. वर्गात पोरांना दटावताना बोट असंच वर जायचं. "पुरतं. कडेपर्यंत. मग तुझं."

"आदी तुमचं," बब्रुवान म्हणाला.

तात्यांनी सुपारी अडकित्त्यानं फोडून निम्मी निम्मी दोघांना दिली. सगळं कसं चोख झालं. काही राहिलं असेल असं कुणाच्याही मनात आलं नाही.

त्या वर्षानं आमचे हाल केले. बब्रुवान सकाळी यायचा, ठरलेलं काम करायचा आणि निघून जायचा. काम नेहमीसारखंच, कुठं बोट ठेवायला जागा नाही. पण गुरांना पाणी दाखवणं कामात नव्हतं. दावं तुटलं तर नवं वळणं कामात नव्हतं. सर्पण फोडणं, पाहुण्याला उमरग्याच्या मोटारीवर सोडायला गाडी जुंपणं, यातलं काहीच तात्यांनी पुकारलं नव्हतं. हे पहाटे उठून बैलांपुढं वैरण टाकायला लागले आणि मारक्या बैलानं एकदा यांचं धोतर फाडलं. मी शेण काढताना गजराबाईच्या नावानं बोटं मोडायची, आणि मोडता मोडता मनात यायचं, की ही बाई इतकी वर्षं हे करत होती आणि कशाच्या बदल्यात करत होती? त्या विचारानं मला आणखीच राग यायचा. कुणाचा ते मात्र ठरवता यायचं नाही.

एक झालं, हे इस्तिफ्याबद्दल बोलेनासे झाले. ज्याला खरोखर जमलं होतं तो रोज डोळ्यांसमोर होता.

मग रब्बीची पेरणी आली. वाफसा चांगला होता, पण वारं सुटलं होतं आणि रान भराभर सुकत होतं. बब्रुवान आमच्या रानात तिफण हाकत होता आणि गजराबाई रोज संध्याकाळी बांधावर येऊन आपल्या पट्टीतली माती मुठीत दाबून ओल बघायची. ढेकूळ फुटलं की तशीच परत जायची. मी यांना म्हटलं, "एक दिवस बैल द्या की त्याला आधी. आपलं रान काय पळून जातंय?"

"मागितलं तर देईन. त्यानं मागावं."

"तो मागणार नाही."

"मग मी का देऊ?"

एक 'त्यानं मागावं' म्हणून अडून बसला होता आणि दुसरा दिलेला शब्द पाळायला. पुरुषांच्या या अडून बसण्यात ओल उडून जाते, हे त्यांना कुणी सांगावं? बब्रुवाननं आमचं रान कडेपर्यंत पेरलं आणि मगच बैल बांधापलीकडं नेले. आमची ज्वारी दाट उगवली. त्याची उगवली, पण विरळ. तरी उगवली. गजराबाई मला विहिरीवर भेटली तेव्हा तिनं पीक कसं आहे ते सांगितलं नाही. तिनं विचारलं, "वैनी, येळवशीला आंबिल आंबवायला ताक लागंल. द्याल का?"

मी द्यायचं कबूल केलं.

येळवस दोन दिवसांवर आली तेव्हा माझ्या घरात शेंगांचे दाणे, तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे सोले यांची रास पडली होती. मी यांना सहज विचारलं, "कोप झाली का उभी?"

"बब्रुवान करील की. दर साली तोच करतो."

संध्याकाळी हे रानात गेले. कोप नव्हती. म्हणजे आमच्या रानात नव्हती. बांधापलीकडं एक छान डौलदार कोप उभी होती आणि बब्रुवान तिला शेवटच्या पेंढ्या बांधत होता. पुढं काय झालं ते यांनी घरी येऊन मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा वेगवेगळ्या आवाजात.

"आपली कोप?" यांनी विचारलं होतं.

बब्रुवान गोंधळला. "येळवस गुत्त्यात कुठं व्हती, मालक?"

खरंच नव्हती. तात्यांनी सगळी कामं पुकारली होती, पण येळवस हे काम आहे असं कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. इतकी वर्षं कोप बब्रुवानच उभारायचा, पांडव तोच मांडायचा, मडकं डोक्यावर घेऊन तोच फिरायचा आणि हे सावलीत वर्तमानपत्र वाचत बसायचे. सालाच्या गड्याला सांगावं लागत नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं, नव्हती तर आता धर. त्याचं काय वेगळं होईल ते देतो."

तेव्हा म्हणे बब्रुवाननं हातातली पेंढी खाली ठेवली. "न्हाय मालक. ह्याचा गुत्ता म्या घेत न्हाय. रान ज्याचं, येळवस त्यानं करावी."

"मग इतकी वर्षं कशी केलीस रे माझी?"

"तवा म्या तुमचा व्हतो."

हे सांगून हे ओसरीवर बसून राहिले. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रागानं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा रागावलेले नव्हते. "तुमचा होतो म्हणाला गं तो," एवढंच परत म्हणाले. मला वाईट वाटलं. यांच्यासाठी वाटलं, आणि त्याहून जास्त त्या 'होतो'साठी वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हे स्वतः कोप बांधायला गेले. येळवशीच्या सकाळी गाडीतून आम्ही रानात पोचलो, तेव्हा ती एका बाजूला कलली होती.

"जमीन उताराची आहे," हे म्हणाले.

"हो ना. नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. तात्या खोकत खोकत हसले. त्यांना दमा होता, त्यामुळं ते कोपीपाशीच बसून राहणार होते.

यांनी पांडव मांडले, निवद दाखवला, सगळं मान खाली घालून केलं. मग धोतराचा काचा मारला आणि आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं. मी मागून निघाले. पुढच्यानं शिंपीत जाताना "ओलगे ओलगे" अशी हाळी द्यायची आणि मागच्यांनी "सालम पोलगे" म्हणून ओ द्यायची. याचा अर्थ काय, हे कुणी विचारत नाही. हाळी मोठ्यानं द्यायची, चार रानं ऐकू गेली पाहिजे.

हे निम्मी कड चालले तरी तोंडातून आवाज फुटेना. आंबिल मडक्यातून हिंदकळून कपाळावर, तिथून मिशांवर आली होती. शेवटी छाती भरून यांनी हाळी दिली. ती अगदी हजेरी घेतल्यासारखी निघाली. एखादं पोर आता "हजर" म्हणणार असंच मला वाटलं आणि हसू असं फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. ओ द्यायची राहूनच गेली.

हे थांबले. मागं वळले नाहीत. ओ न मिळालेली हाळी फार वाईट असते. आमच्या दाट ज्वारीत वारा सळसळला आणि मला हसल्याची लाज वाटली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बांधापलीकडून खणखणीत आवाज आला.

"सालम पोलगे!"

बब्रुवान आपल्या कोपीपुढं उभा होता, मडकं अजून खालीच होतं. आपली फेरी थांबवून तो आमच्या हाळीला ओ देत होता. यांनी पुन्हा हाळी दिली, या वेळी मास्तरासारखी नाही. त्यानं पुन्हा ओ दिली. असे आम्ही चारी कडांनी फिरलो. रानाची पलीकडची कड यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पायानं बघितली असेल.

आम्ही बांधाशी आलो तेव्हा बब्रुवाननं आपलं मडकं उचललं. त्याच्या विरळ पट्टीतून तो चालायला लागला, मागं गजराबाई. त्यानं हाळी दिली. गजराबाईनं ओ द्यायला तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. बाई ढसाढसा रडत होती. बापाच्या रानात उभ्या पिकात उभी राहून रडत होती, आणि बब्रुवान पुढं ओ न मिळता थांबला होता.

"सालम पोलगे!" हे बांधावरून ओरडले. कपाळावरची आंबिल पुसायचीही राहिली होती. इतक्या मोठ्यानं ओरडले, की तात्या कोपीतून उठून बाहेर आले. मीही ओ दिली. मग तात्यांनीही, दमा असून. पट्टी लहान, फेरी लवकर संपली, पण प्रत्येक हाळीला ओ गेली.

नंतर गजराबाई डोळे पुसत बांधावर आली. "वैनी, मालक, तात्या. आमच्या रानात जेवाया चला."

कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, याचे नियम तेव्हा आमच्या घरात होते. मी यांच्याकडं बघितलं. हे आधीच बांध ओलांडत होते.

बब्रुवानची कोप सरळ होती. आम्ही तिच्यात बसलो आणि त्या दोघांनी वाढलं. माझ्याच घरचं ताक तिच्या आंबिलीत होतं, पण ती चव माझ्या आंबिलीला नव्हती, हे सांगायला मला जड जातं आहे. जेवणं झाली. बब्रुवाननं कमरेचा बटवा सोडला, पानसुपारी काढली आणि यांच्यापुढं तळहात धरला.

हे त्या सुपारीकडं बघत राहिले. मला पाडवा आठवला, ओट्याच्या कडेला ठेवलेली ती सुपारी आठवली. यांनाही तेच आठवलं असणार. मग यांनी ती उचलली आणि तोंडात टाकली.

"खाल्ली बघ," हे चावत म्हणाले. "आता मी तुझा सालगडी झालो का रे?"

बब्रुवान हसला. त्याला हसताना मी फार थोडं पाहिलं आहे.

"न्हाय, मास्तर," तो म्हणाला. "पाव्हनं."

सगळं गाव यांना मास्तरच म्हणायचं. बब्रुवाननं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.